बंधनकारक नसलेले पाच प्रश्न

विभाने मतपत्रिकेचा नमुना दुसऱ्यांदा वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. वर दोन नावं होती, हरीश आणि सुनीता, आणि त्यांच्यापुढे चौकोन. इथवर ठीक होतं. पण खाली रेघ मारून श्रीहरीने चार प्रश्न टाकले होते आणि त्यांच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘हे प्रश्न फक्त सभासदांचं मत अजमावण्यासाठी आहेत. उत्तरं कोणावरही बंधनकारक नाहीत.’

तोक्योच्या पूर्वेकडे राहणाऱ्या मराठी लोकांचं हे मंडळ. जानेवारीत अध्यक्षांची सिंगापूरला बदली झाली आणि खुर्ची रिकामी पडली. मंडळात पॅनेलं दोन, पण दुसऱ्या पॅनेलात माणसं नऊ आणि त्यातली चार पुण्याला परत गेलेली. तेव्हा ‘उत्कर्ष’ पॅनेल ज्याला उभं करेल तोच अध्यक्ष, हे शेंबडं पोरही सांगेल. उभं राहायचं होतं दोघांना. एक हरीश, मंडळाचे कार्याध्यक्ष, तोयोसूच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर. दुसऱ्या सुनीताताई, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करणाऱ्या. दोघांपैकी कोणीच माघार घेईना, म्हणून पॅनेलातल्या पॅनेलात आधी मतदान घ्यायचं ठरलं.

प्रश्नांची कल्पना श्रीहरीची. श्रीहरी म्हणजे हरीशचा उजवा हात. त्याचा मेव्हणा अमेरिकेत. तिथे म्हणे पक्ष आपला उमेदवार निवडताना त्याच कागदावर असे प्रश्न छापतात. लोकांना वाटतं आपल्याला विचारलं, पक्षाला मिरवता येतं की आम्ही विचारलं, आणि करायचं कोणालाच काही नसतं. हे सांगताना श्रीहरीचा चेहरा असा फुलला होता, जणू विजेचा शोध त्याच्या मेव्हण्यानेच लावला.

विभाला निवडणूक अधिकारी केलं होतं, कारण ती म्हणे तटस्थ. खरं कारण वेगळं. तिला जपानी वाचता येत होतं आणि नाही म्हणता येत नव्हतं. मंडळाला अशा माणसांचा वास लांबून येतो.

नाही म्हणायचं नाही, याला तिच्याकडे एक कारणही होतं. इचिकावातल्या आपल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ती तीन वर्षं दर रविवारी मुलांचा मराठी वर्ग घेत होती. चौदा मुलं. तिची स्वतःची कस्तुरी आठ वर्षांची, तिला मराठी सगळं कळायचं, पण तोंडातून निघायचं ते जपानी. ‘पाणी हवं का’ विचारलं की ‘इरानाइ’, म्हणजे नको; ‘दप्तर भरलंस का’ विचारलं की ‘मो यात्ता’, झालं की, अशा सुरात खांदे उडवणं. बाकीची तेरा त्याच माळेतली. आता खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी आवाजाची तक्रार केली होती आणि इमारतीच्या व्यवस्थापनाने दुसरी नोटीस दारावर चिकटवली होती. मार्चअखेर वर्ग बंद, नाहीतर जागा बदला. मंडळ कार्यक्रम करायचं त्या कालव्याकाठच्या सभागृहात छोट्या खोल्या होत्या. मंडळाने फक्त आपल्या नावावर अर्ज करायचा होता. दोन वर्षं विभा हे मागत होती आणि दोन वर्षं हरीश म्हणत होता, “बघू गं.”

म्हणून तिने चष्मा परत चढवला आणि हरीशला फोन लावला. मतदानाचं सगळं मी करते, पण माझ्या वर्गाचा प्रश्न बंधनकारक ठराव म्हणून घ्या, असं तिने सांगितलं. हरीशने ठराव म्हणून घेतला नाही. पाचवा म्हणून खाली टाकला.

तर छापून आले ते पाच असे. मंडळाचे कार्यक्रम दिलेल्या वेळेला सुरू व्हावेत का? व्यासपीठावरचं भाषण तीन मिनिटांत संपावं का? मेळाव्याला बाहेरून जेवण मागवणं बंद करावं का? कार्यक्रमाचा कचरा ज्याने त्याने आपापल्या घरी न्यावा का? आणि मुलांचा रविवारचा मराठी वर्ग मंडळाने चालवावा का?

फेब्रुवारीच्या एका थंड शनिवारी एकसष्ट जणांनी मत दिलं. हरीश तेहतीस, सुनीताताई अठ्ठावीस. पाचही प्रश्नांना हो. वेळेच्या प्रश्नाला साठ हो, एक नाही. जो नाही म्हणाला तो या अख्ख्या मंडळातला एकमेव प्रामाणिक माणूस म्हणायचा. बाहेरचं जेवण बंद करण्याला बावन्न हो, कारण प्रत्येकाला खात्री होती की रांधणारा दुसराच कोणीतरी असणार. आणि मराठी वर्गाला एकसष्टच्या एकसष्ट हो.

विभा आकडे घेऊन हरीशकडे गेली तेव्हा तो अभिनंदनाचे फोन घेत होता. त्याने आकडा पाहिला, मान डोलावली आणि म्हणाला, जनमत कळलं, हे फार छान झालं, आता विचार करू.

“हरीशदादा, एकसष्ट-शून्य आहे. यात विचार काय करायचा?”

“अगं, सल्ला आहे तो. सल्ल्याचं काय असतं, घेतला की संपला.”

त्या दिवशी विभा घरी येऊन नवऱ्यावर विनाकारण ओरडली. सुशील बिचारा भांडी घासत होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सभागृहातून फोन आला. तिथले कारभारी कुरिहारा-सान, साठीचे, बारीक, बाहीवर कधी एक सुरकुती नाही असे. ते म्हणाले, नोंदणी झालेल्या प्रत्येक गटाने नव्या वर्षाचा कागद द्यायचा असतो. वर्षभर काय करणार, कसं करणार, हे सभासदांनी कधी ठरवलं, किती जण हजर होते, किती विरुद्ध किती मतांनी ठरलं. शुक्रवारपर्यंत कागद आला नाही तर नोंदणी रद्द, पाडव्याचा मेळावाही रद्द.

मंडळाने आजवर मत घेऊन काही ठरवलेलंच नव्हतं. जे ठरायचं ते हरीश आणि श्रीहरी घरी जाताना गाडीच्या डब्यात उभ्या उभ्या ठरवायचे. विभाने हरीशला विचारलं, काय देऊ? हरीश मीटिंगमध्ये होता. तो म्हणाला, काहीतरी दे, कागद लागतो त्यांना, नुसता कागद, माझा हांको ऑफिसातून घेऊन जा. हांको म्हणजे नावाचा शिक्का. जपानात सही चालत नाही अशा ठिकाणी हा उमटवावा लागतो, आणि एकदा उमटला की आत काय लिहिलं होतं ते मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय राहत नाही. आपल्या माणसाला हे कळत नाही. तो शिक्का देतो ते छत्री दिल्यासारखा.

तारीख, हजेरी आणि मतांचे आकडे असलेला मंडळाकडे एकच कागद होता. विभाने तो जपानीत उतरवला आणि दुपारी सुट्टी टाकून सभागृहात नेला. तिने कुरिहारा-सानना प्रामाणिकपणे सांगितलं की ही उत्तरं बंधनकारक नाहीत, फक्त मत अजमावलंय. कुरिहारा-साननी अर्ज वरपासून खालपर्यंत बोट फिरवून तपासला, मग मागची बाजू तपासली.

“तसा रकाना नाही, विभा-सान,” ते फार वाईट वाटून म्हणाले.

रकाना नव्हता. शिक्का होता. विभाने क्षणभर विचार केला, पाचव्या ओळीकडे पाहिलं आणि कागद पुढे सरकवला.

दहा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. चार अटी आणि खाली एक ओळ, दर रविवारी साडेनऊ ते साडेअकरा, खोली क्रमांक तीन, मुलांचा भाषावर्ग. विभा ती ओळ वाचून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडली. मग डोळे पुसून तिने सगळं प्रमाणपत्र मराठीत करून मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, एकेक अट नीट फोड करून. संदेश लांब झाला. त्रेचाळीस जणांनी अंगठे दिले. हरीशने दोन हात जोडलेलं चित्र टाकलं. वाचलं कोणीच नाही. या लोकांना वाचायला लावायचं असेल तर मजकुरात त्यांचं नाव चुकीचं लिहावं लागतं.

पाडव्याचा मेळावा एप्रिलमधल्या रविवारी होता, वेळ सकाळी दहा. आपल्याकडे दहा म्हणजे अकराच्या आसपास, साडेअकरापर्यंत कोणी रागावत नाही. दहा वाजता सभागृहात तीन माणसं होती. विभा, सुशील आणि कुरिहारा-सान. विभाने सगळ्यांना फोन केले. कोणी अंघोळीत, कोणी तोझाई लाइनच्या फलाटावर, श्रीहरी तर म्हणाला की आलोच, आणि मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू आली. दहा वाजून दहा मिनिटांनी कुरिहारा-साननी घड्याळ पाहिलं आणि खाली वाकून सांगितलं की सभासदांच्या साठ विरुद्ध एक अशा निर्णयानुसार कार्यक्रम सुरू न झाल्यामुळे मोठं दालन आता प्रतीक्षा यादीतल्या गटाला जाईल.

पावणेअकराला हरीश आला. रेशमी कुर्ता, डोक्याला फेटा, हातात गुढीची काठी. दालनाचं दार त्याने ढकललं तेव्हा आत पंचवीस जपानी आज्या फुलाफुलांचे झगे घालून हवाई बेटांवरचा हुला नाचत होत्या. त्यातल्या एकीने फेट्याकडे पाहून टाळ्या वाजवल्या आणि त्याला ओळीत जागा करून दिली. हरीश काठी घेऊन तसाच उलटा बाहेर आला.

“विभा, हा काय प्रकार आहे?”

“साठ विरुद्ध एक,” विभा म्हणाली. “तुमच्याच पॅनेलने ठरवलंय, दादा.”

मग जेवण आलं. ‘बाहेरून’ न मागवायचं ठरलं असलं तरी हरीशने नेहमीच्या केटररकडून श्रीखंड-पुरीचे साठ डबे मागवले होते. गाडी दारात उभी राहिली आणि कुरिहारा-सान हात पसरून दारात उभे राहिले. ते अडवतानाही माफी मागत होते, त्यामुळे त्यांच्याशी भांडणसुद्धा धड होईना. अट तीन, बावन्न विरुद्ध नऊ. त्याऐवजी त्यांनी मंडळासाठी स्वयंपाकाची खोली राखून ठेवली होती. सहा शेगड्या, बारा पातेली, चाकू मोजून लावलेले. बावन्न जणांनी त्या शेगड्यांकडे पाहिलं आणि सगळे एकदम फोनमध्ये डोकावले. शेवटी डबे कालव्याच्या कठड्यावर ओळीने बसून वाऱ्यात खाल्ले. श्रीखंडावर धूळ बसली, पुऱ्या उडाल्या, एक पुरी बगळ्याने नेली.

खाऊन झाल्यावर कचरा. कुरिहारा-साननी प्रत्येकाला एक पिशवी दिली आणि सभागृहाचे डबे कुलूप लावून बंद केले. जळणारा वेगळा, प्लास्टिक वेगळं, घरी नेऊन आपापल्या वारी टाकायचा. हरीशने रेशमी कुर्त्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा असा धरला होता की लांबून वाटावं, सत्कारात मिळाला.

तरी भाषण राहिलंच होतं. उमेदवार म्हणून हे त्याचं पहिलं भाषण, ते तो असं सोडणार नव्हता. सगळे स्वयंपाकाच्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. कुरिहारा-साननी फळीवरचं अंडी उकडायचं घड्याळ काढलं, तीन मिनिटं लावली आणि शेगडीवर ठेवलं. हरीशने आदरणीय ज्येष्ठांना वंदन केलं, सन्माननीय माजी अध्यक्षांची आठवण काढली, पॅनेलच्या कार्यकर्त्यांची नावं घेतली, त्यांच्या सौभाग्यवतींची घेतली, आणि ‘सर्वप्रथम’ म्हणून श्वास घेतला तोच घड्याळ किणकिणलं. कोणीतरी मागे खुदकन हसलं. हरीशचा चेहरा पातेल्यासारखा तापला.

त्याने तिथल्या तिथे जाहीर केलं की हा कागद रद्द करायचा. आत्ताच्या आत्ता. सगळ्यांनी मोठ्याने हो म्हटलं. या मंडळाला हो म्हणायला कधी वेळ लागत नाही. तिने विचारलं की नुसत्या चार अटी काढता येतील का, पाचवी ठेवून. कुरिहारा-सान म्हणाले की एका दिवशी, एका मतदानात, एका शिक्क्याखाली ठरलेलं आहे, निघालं तर सगळं निघेल. खोली क्रमांक तीनसुद्धा. वर्ग परत घरी आला की दारावर तिसरी नोटीस लागणार होती.

कुरिहारा-साननी कपाटातून रद्द करण्याचा अर्ज आणला. पाच ओळी. प्रत्येक ओळीपुढे, सभासदांना आता असं का वाटत नाही याचं कारण, आणि ते मानणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि शिक्का.

विभाने पहिली ओळ वाचून दाखवली. “कार्यक्रम वेळेवर सुरू होऊ नयेत, असं आम्हाला वाटतं, कारण?”

श्रीहरीने सुचवलं की सांस्कृतिक कारण लिहा. विभाने ते सांगितलं. कुरिहारा-साननी पेन उचललं आणि कोणती संस्कृती, थोडं सविस्तर, असं अगदी मनापासून विचारलं. श्रीहरी मागे सरकला. कचऱ्याच्या ओळीला सुनीताताई म्हणाल्या की हे मी माझ्या नावाने लिहून देणार नाही, माझ्या प्रयोगशाळेतले लोक या सभागृहात बॅडमिंटन खेळायला येतात. भाषणाच्या ओळीवर सगळे हरीशकडे बघायला लागले.

मग विभाने पाचवी ओळ वाचली. तिचा आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला.

“आमच्या मुलांना मराठी शिकवू नये, असं आम्हाला वाटतं. कारण लिहा. खाली नाव, शिक्का. हरीशदादा, तुमच्यापासून सुरुवात करू?”

हरीशचा पार्थ त्याच वर्गात होता आणि पार्थची आई, कल्पना, शेगडीला टेकून उभी होती. तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की बाजूच्या दोघांनी जागा बदलली. हरीशने खिशातून शिक्का काढला, परत खिशात घातला. नुसतं हो म्हणणं वेगळं आणि नाही म्हणून खाली नाव घालणं वेगळं, हे त्या खोलीत साठ शिकलेल्या माणसांना एकदम उमगलं. कोणीच पुढे आलं नाही. कुरिहारा-साननी वीस मिनिटं वाट पाहिली, मग कोरा अर्ज नीट घडी करून कपाटात ठेवला.

पण हे इथेच थांबेल तर मंडळ कसलं. निघताना कुरिहारा-साननी हरीशच्या हातात एक किल्ली ठेवली. वर्ग मंडळ चालवणार, तेव्हा मंडळाच्या प्रमुखाने दर रविवारी सव्वानऊला येऊन खोली उघडायची आणि साडेअकरापर्यंत थांबायचं. मंडळाचा प्रमुख बदलला तर किल्ली नव्या प्रमुखाकडे.

“दर रविवारी?” हरीशने विचारलं.

“पुढच्या मार्चपर्यंत,” विभाने भाषांतर केलं.

बुधवारी हरीशने ग्रुपवर लिहिलं की ऑफिसच्या वाढत्या जबाबदाऱ्यांमुळे तो अध्यक्षपदाच्या शर्यतीतून माघार घेतोय. अर्ध्या तासाने सुनीताताईंनी लिहिलं की त्यांच्या पेशींना रविवारी सकाळीच खाद्य द्यावं लागतं. दुसऱ्या पॅनेलच्या उरलेल्या पाच जणांनी कळवलं की सर्वसंमतीने जो होईल त्याला त्यांचा पाठिंबा. सर्वसंमती झाली. मंडळाच्या इतिहासात पहिल्यांदाच दोन्ही पॅनेलं एका नावावर एक झाली, आणि ज्या बाईचं नाव होतं तिला कोणी फोन करून विचारलंसुद्धा नाही. विभा लंच ब्रेकमध्ये कोनबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, ओनिगिरी, भाताचा मुटका, घेऊन रांगेत उभी होती तेव्हा तिला अभिनंदनाचे अंगठे यायला लागले. बत्तीस झाले, तेव्हा तिने वर सरकवून वाचलं आणि ओनिगिरी परत फळीवर ठेवली. भूक गेली होती.

पुढच्या रविवारी सव्वानऊला अध्यक्षांनी खोली उघडली. चौदा मुलं आली, भिंती कोऱ्या, खाली कोणाचे आजोबा नाहीत. विभाने आठवडाभर मर मर करून एक गोष्ट चित्रांसकट तयार केली होती. पण पहिलाच दिवस, मुलांना आपलं वाटावं, म्हणून तिने हसून विचारलं, “आज काय करायचं? गोष्ट ऐकायची की खेळायचं? हात वर करा बरं.”

खेळायला तेरा हात वर आले. गोष्टीला एकही नाही. पार्थ झोपला होता.

“छान,” विभा म्हणाली, आणि तिने गोष्टीचं पहिलं चित्र फळ्यावर लावलं.

पहिल्या बाकावरची कस्तुरी उठून उभी राहिली. आठ वर्षांत या मुलीने आईला मराठीत एक आख्खं वाक्य दिलं नव्हतं. तिने फळ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि स्वच्छ, खणखणीत आवाजात विचारलं,

“मग विचारलंस कशाला?”

विभाने खडू खाली ठेवला. मग तिने चित्र काढलं, गुंडाळून पिशवीत टाकलं आणि बाक भिंतीला लावायला सुरुवात केली.